माझा हात न लागलेली साडी

इंदे, तेरावं झालं. माणसं आली, जेवली, गेली. सांगोल्याहून माझा भाऊ दुखवट्याची साडी घेऊन आला. तिचा रंग तू बघितला असतास तर नाक मुरडून म्हणाली असतीस, "कुनाच्या पोटात कळ आली म्हनून असला रंग काढला गं?" मी ती नेसले, दिवसभर अंगावर बाळगली आणि संध्याकाळी घडी करून ट्रंकेत टाकली.

येणारी प्रत्येक बाई एकच बोलते, "सुटली हो इंदूताई." मी विचारते, कशातून? मग ती चहा पिते. तू काही अडकलेली नव्हतीस. साखर होती, डोळे गेले होते, गुडघे धरले होते. सत्तरीच्या बाईचं ह्याहून वेगळं काय असतं? तू मजेत होतीस. चार महिन्यांपूर्वीपर्यंत होतीस. त्यानंतर नव्हतीस, आणि त्याचं कारण मी आहे. दुसरं कोणी नाही. येणाऱ्यांना हे सांगितलं तर म्हणतील, वहिनी, असं काही मनात आणू नका. म्हणून तुलाच सांगते.

तुझी जन्मतारीख, तुझ्या नवऱ्याचं नाव, मागे कोण कोण राहिलं, ते सगळं माझ्या सुनेनं, सुनीतानं, पेपरात दिलंय. फोटोसकट. फोटोत तुझा पदर निळा छापून आलाय. तो हिरवा होता. एवढी एकच चूक मला त्यात सापडली. बाकी सगळं बरोबर आहे आणि त्यातलं काहीच तू नाहीस.

मी ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. नवऱ्याची बहीण म्हणून तुला 'वन्सं' म्हणायचं, असं सासूबाईंनी बजावलं होतं. दोन वेण्या घातलेल्या, आंब्याची कोय चोखत अंगणभर हिंडणाऱ्या पोरीला मी वन्सं म्हणत होते. ते वन्सं म्हणणं माझं लुगडं लाल झालं त्या दिवसापर्यंत टिकलं. हळदीत बुडवलेलं माझं लग्नातलं पिवळं लुगडं मी साबण लावून धुवायला घेतलं आणि ते हातातल्या हातात लालभडक झालं. घरात येऊन आठ दिवस झालेली नवरी, आणि हळदीचं लुगडं रक्तासारखं लाल. मला वाटलं, आता नवरा मरणार. मी मोरीत बसून रडायला लागले. तू आलीस, बघितलंस आणि पोट धरून हसलीस.

"वैनी, हळद साबनाला भिती. थांब जरा."

तू चिंचेचं पाणी आणून ओतलंस आणि लुगडं परत पिवळं झालं. मी बघतच राहिले. मग तू मुद्दाम परत साबण लावलास, परत लाल. परत चिंच, परत पिवळं. तीन वेळा केलंस. चौथ्या वेळी साबण मीच लावला. रडायचं राहूनच गेलं. त्या दिवसापासून तू इंदू झालीस, आणि पुढे भांडायला लागलो तशी इंदे.

मामंजी सूत रंगवायच्या कारखान्यात होते. त्यांच्या नखांचा रंग आठवड्याला बदलायचा. त्यांचा डबा घेऊन तू जायचीस आणि तासभर तिथेच पिंपांमागे उभी राहून बघायचीस. घरी आलीस की डाळीच्या पातेल्यात तसलंच काहीतरी शिजवायचीस. मामंजींना ते पसंत नव्हतं. "हात असले रंगवून घेतलेस तर पत्करील कोन तुला?" असं म्हणायचे. एका घरानं पत्करलं. बारा वर्षांनी तिथला माणूस गेला आणि तू दोन साड्या आणि एक पितळी घंगाळ घेऊन परत आलीस. सासूबाई रडत होत्या. रडता रडता त्यांनी विचारलं, "अगं, एवढं जड घंगाळ कशाला वाहत आनलंस?" तू म्हणालीस, "रंगाला."

मला त्या दिवशी तुझा राग आला होता. असल्या वेळी माणसानं रडावं, असं मला वाटायचं. नंतर कळलं, तू रडून घेतलं होतंस. तिकडेच, घंगाळ घासताना.

त्यानंतर चाळीसच्या वर वर्षं आपण दोघींनी घरात कापड रंगवलं. कशासाठी, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचं अडलं नव्हतं. जुनी धोतरं, उसवलेले परकर, पलीकडच्या गल्लीतल्या मागांवरून मिळणारे पांढऱ्या कापडाचे तुकडे, वाकळेला लागतील म्हणून ठेवलेल्या चिंध्या. जे सापडेल ते तू बुडवायचीस. माझा मुलगा तुला म्हणायचा, "आत्या, बाजारात सगळे रंग मिळतात." तू म्हणायचीस, "मिळू द्यात की." एवढंच तुझं उत्तर. मलाही एवढंच कळतं, की कापड पाण्यातून वर काढताना, पाणी गळत असताना, रंग बसलाय का नाही हे कळायच्या आधी, पोटात जे होतं ते मला दुसऱ्या कशानंही झालं नाही. बाळंतपणातही नाही. तुला मूल नव्हतं म्हणून मी हे कधी बोलले नाही.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. घरातली सगळी भांडी पिण्यासाठी रांगेत, आणि पहिली कळशी तुझ्या घंगाळात. सुनीता कपाळाला हात लावायची. "आत्या, बोअरचं घ्या ना रंगाला." "बोअरच्या पान्यात रंग मरतो," तू सांगायचीस, "मानसाला काय, मानूस पितो कसलंबी." सांगोल्याहून माझा भाऊ उकललेली डाळिंबं पोत्यानं पाठवायचा. ती खाऊन आपली तोंडं आंबायची, पण खाल्ल्याशिवाय साल कशी मिळणार? घरात डाळिंबाची साल टाकून द्यायची कोणाला परवानगी नव्हती. सुनीताच्या एका मैत्रिणीनं साल केराच्या डब्यात टाकली, तर तू तिच्यादेखत वाकून काढलीस, धुतलीस आणि सुपात वाळत घातलीस. ती बाई परत आली नाही.

आणि ते मडकं. गंजके खिळे, गूळ आणि पाणी घालून तीन आठवडे कोपऱ्यात ठेवलेलं. त्याचं काळं पाणी झालं की डाळिंबाच्या पिवळ्याचा शेवाळी होतो. वास असा की माशाही यायच्या नाहीत. शेजारची नरसव्वा, मागवाल्यांच्या घरातली, भिंतीवरून डोकं काढून मला म्हणाली होती, "वदिना, तुमच्या घरात कोन मेलंय काय?" तेलुगू लोक वहिनीला वदिना म्हणतात, ती मला कायम तेच म्हणते. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "अजून न्हाय. मेलं की बोलवते."

रंग पक्का धरायला लागणाऱ्या तुरटीचं भांडण आपलं राहिलंच. तुझं म्हणणं, कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग वाळवून रंगात. माझं म्हणणं, तुरटी रंगातच टाकली तरी तेवढंच होतं, तीन दिवसांचं काम एका दिवसात उरकतं. तू म्हणायचीस, उरकायचं असतं तर करतोय कशाला? मी दोन फडकी केली होती, एक तुझ्या पद्धतीनं, एक माझ्या, आणि गच्चीवर वर्षभर उन्हात टाकायची ठरवली होती. वाऱ्यानं एक उडालं. कोणाचं उडालं ह्यावर आपण परत भांडलो.

मग तुझे डोळे गेले. एकदम नाही. साखरेनं पडदा खराब झाला. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवा. आहे ते म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तूही नाही. विचारलं की "दिसतंय की." दाराची कडी तुला सापडायची, ताटातली भाकरी सापडायची, माणूस आवाजावरून कळायचा. फक्त पिवळं आणि पांढरं एक झालं, हिरवं आणि निळं एक झालं, आणि कापडावरचा चट्टा तुला दिसेनासा झाला.

सुनीताच्या बहिणीच्या बाळासाठी तू दुपटं रंगवलंस. ते दोरीवर टाकलं तेव्हा मी बघितलं. कुठे पिवळं, कुठे कोरं, अंगावर नायटे उठावेत तसं. तू विचारलंस, "कसा आलाय गं?"

मी तोंडाळ बाई आहे, हे गल्लीला माहीत आहे. सासूबाईंच्या पोळीला मी त्यांच्यासमोर चामडं म्हणालेली आहे. तुला तर इतकी वर्षं तोंडावर सांगत आले, हा चिखल आलाय, ही ओकारी आलीय. तूही मला तसंच सांगायचीस. त्या दिवशी तू दुपटं दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे तोंड केलंस. पण माझ्याकडे नाही. माझ्या शेजारच्या खांबाकडे. आणि हसून वाट बघत राहिलीस.

मी म्हणाले, "बरा आलाय."

दुपारी तू तासभर झोपायचीस. त्या तासात मी दुपटं परत भिजवलं, परत सालीच्या पाण्यात घातलं, हलवत राहिले आणि सारखं करून दोरीवर टाकलं. मला वाटलं, एकदा करायचं आहे. मग दुसरं झालं, तिसरं झालं. दोन वर्षं झाली. एकदा तू उठून कापडाला हात लावलास. मे महिना होता. "अजून वलं कसं गं?" सोलापूरच्या उन्हात भिजवलेलं कापड पिळेपर्यंत वाळतं. मी म्हणाले, "माझ्या हातातनं तांब्या सांडला." तू म्हणालीस, "तुझ्या हातातनं लई सांडतंय आजकाल."

बायका तुझं कौतुक करायला लागल्या. डोळ्यांनी दिसत नाही आणि बघा काय हात आहे. तू ताठ बसायला लागलीस. माझ्या कापडाला हात लावून म्हणायला लागलीस, "वैनी, तुझा रंग बसत न्हाय बघ, घाई करतीस." मी हसून घ्यायचे. मला राग येत नव्हता असं मी म्हणणार नाही. यायचा. कौतुक माझ्या कापडाचं आणि बोलणी माझ्याच कापडाला. पण तू सकाळी उठून "आज काय बुडवायचं गं?" असं विचारायचीस, ते माझ्या रागापेक्षा मोठं होतं. तेवढं मला कळत होतं.

ह्या दोन वर्षांत एक गोष्ट वेगळी झाली. मी होटगीला एका बारशाला गेले होते, पूर्ण दिवस. माझी एक जुनी सुती साडी, धुऊन धुऊन पांढरी पडलेली, तू मागून घेतली होतीस. संध्याकाळी आले तर ती दोरीवर होती. शेवाळी. मी पिशवीही खाली ठेवली नाही. काठापासून काठापर्यंत बघितली, पदर उलटा करून बघितला. त्या मडक्यातल्या लोखंडाच्या पाण्यात अख्खी साडी घालणं म्हणजे काय, हे करणाऱ्यालाच कळतं. जिथे पहिल्यांदा लागेल तिथे काळं होतं. मला डोळे असून ती मला कधी एकसारखी जमली नाही. तुला जमली होती. एक डाग नव्हता. आणि आता सांगते, मी डाग शोधत होते. सापडावा असं वाटत होतं.

"कसं केलंस गं?" मी विचारलं.

"आकडं मोजत. हाताला कळतंय की, कापड जड व्हतं. कसा आलाय?"

मी म्हणाले, "बरा आलाय."

तेच दोन शब्द, इंदे. नायटे उठलेल्या दुपट्याला जे म्हणाले, तेच. दुपारी परत बुडवलेल्या प्रत्येक फडक्याला जे म्हणाले, तेच. तुला फरक कसा कळणार होता?

मग नरसव्वाच्या नातीचं लग्न आलं. हळदीला पोरींना पिवळ्या ओढण्या हव्या होत्या आणि नरसव्वानं त्या तुझ्याकडे दिल्या. सात ओढण्या. तू तीन दिवस त्यात होतीस. चौथ्या दिवशी दुपारी मी सातही परत बुडवल्या. घाईत हातांना काही लावलं नाही, माझे पंजे मनगटापर्यंत पिवळे झाले.

नरसव्वाच्या अंगणात बायका बसल्या होत्या. पोरी ओढण्या घेऊन मिरवत होत्या. नरसव्वानं तुझे दोन्ही हात धरले.

"इंदूअक्का, काय हात हाय हो तुमचा! डोळं न्हाईत आनि अशी वढनी! आमच्यात पिढ्यान् पिढ्या सूत रंगवत्यात, त्यास्नी जमायचं न्हाय." मग ती माझ्याकडे वळली. "वदिना, तुमी बी शिकून घ्या की जरा. अक्का हायेत तवर."

तू हसलीस. "तिला काय शिकवायचं बाई? चाळीस वर्सं शिकवतीया. तुरटी कवा घालायची ते अजून कळत न्हाय तिला. मी गेले की ह्या घरातला रंग गेला म्हनून समजा."

बायका हसल्या. थट्टाच होती. ह्याहून वाईट आपण एकमेकींना रोज बोलत होतो. पण माझे हात पदराखाली लपवलेले होते, पिवळे, आणि ते मला लपवावे लागत होते.

"गप, इंदे," मी म्हणाले. "तुझ्या हातचा रंग म्हनं! दोन वर्सं तुझं कापड मी परत बुडवतीया. तुला पिवळं का पांढरं ते कळत न्हाय. ह्या वढन्या माझ्या हायेत." आणि मी हात बाहेर काढून दाखवले. कोणाला? तुला तर दिसणार नव्हते.

एका पोरीनं डोक्यावरची ओढणी हळूच काढून मांडीवर ठेवली. भिंतीपलीकडे माग चालू होता.

तू 'काय?' असं विचारलं नाहीस. 'खरंच?' असंही नाही. तू विचारलंस, "सगळं?"

म्हणजे काहीतरी बिघडतंय, हे तुझ्या हातांना आधीच कळलं होतं. त्यातलं थोडंतरी तुझं होतं का, एवढंच तुला हवं होतं. हे मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त बायकांची तोंडं दिसत होती.

"सगळं," मी म्हणाले.

तू पदर सावरलास. मग म्हणालीस, "नरसव्वा, मला घराकडं सोडता का?" दहा पावलांवर घर. माझा हात तू मागितला नाहीस.

त्यानंतर तू पाण्यात हात घातला नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. ताट भिरकावलं असतंस, वाडगा फेकला असतास, महिनाभर बोलली नसतीस. तू बोलत होतीस. "वैनी, भाकरी मऊ झाली." "वैनी, ऊन लई हाय, बाहेर जाऊ नको." सांगोल्याहून डाळिंबं आली, तू दाणे सोलून दिलेस आणि साली बाजूला ठेवल्यास. त्या कोणी वाळवल्या नाहीत. त्यांना बुरशी आली, मग सुनीतानं टाकल्या. तिला कोणी अडवलं नाही तेव्हा ती घाबरली. तुझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, करूया का काहीतरी? मी मदत करते. माझा एक ड्रेस आहे." तू तिच्या पाठीवरून हात फिरवलास. "वैनी करतीया की. तिच्याकडं दे."

मी केला नाही. तिनंही दिला नाही.

महिन्याभरात तुझी नखं पांढरी झाली. मी ती कधी पांढरी बघितली नव्हती. ओट्यावर तू हात मांडीत ठेवून बसायचीस आणि मी आतून ते हात बघायचे.

एक शब्द बोलायचा होता. इंदे, सगळं नव्हतं. ती शेवाळी साडी तुझी होती. आणखीही दोन-तीन होती, एक उशीचा अभ्रा, एक पंचा, ज्यांना मी हात लावला नाही कारण लावायची गरज नव्हती. हे सांगायला मला चार महिने मिळाले. मी का बोलले नाही, त्याचं बरंचसं कारण असं, की साडीचं सांगितलं तर त्या दिवशी का नाही सांगितलंस, असं तू विचारलं असतंस. मग डाग शोधत होते, तेही सांगावं लागलं असतं. तोंडाळ बाईला स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. तू मरशील असं मला वाटलं नव्हतं. आपल्यात आधी मरायचा नंबर माझा होता, मी थोरली.

पायाला लागलेलं तू कोणाला सांगितलं नाहीस. साखरेच्या माणसाची जखम, ती आतून गेली. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आम्हालाच ओरडले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती साडी पिशवीत घालून तुझ्याकडे घेऊन गेले. तू जागी होतीस. मी साडी तुझ्या हातात दिली.

"ही कंची, वळख."

तू काठ चाचपलास, मग साडी नाकाला लावलीस. "लोखंडाची. तुझी जुनी."

"व्हय. तू केलीस ही. मी होटगीला गेले व्हते त्या दिवशी. माझा हात न्हाय लागला हिला, इंदे. काठापासनं काठापत्तर तुझी हाय. लई सुरेख हाय. मला असली जमली न्हाय कधी."

इतक्या वर्षांत असलं वाक्य मी तुला पहिल्यांदा बोलत होते. मला वाटलं होतं, तू उठून बसशील.

तू हसलीस. चिडून नाही. लहान पोराचं ऐकून घेतात तसं.

"आता कशाला गं, वैनी?"

"खरं सांगते. देवाशपथ."

"देवाला कशाला मधी घेतीस? खोटं बोलून बोलून तुला सवयच लागली बघ." आणि माझ्या हातावर तू दोनदा थोपटलंस. "ऱ्हाऊ दे. तू मनाला लावून घेऊ नको. बरं वाटलं ऐकून."

मी परत सांगितलं. दोनदा सांगितलं. शेजारच्या खाटेवरची बाई बघायला लागली. तू डोळे मिटून घेतलेस, साडी उशाशी घेतलीस आणि म्हणालीस, "व्हय की. माझीच हाय." माझ्यासाठी म्हणालीस. मला बरं वाटावं म्हणून. मी तुझ्याशी दोन वर्षं जसं बोलत होते, अगदी तसंच तू माझ्याशी बोललीस.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुला घरी आणलं. अंघोळ घालायला आम्ही चार बायका होतो, मी, नरसव्वा आणि आमच्या दोन चुलत जावा. पांढरं लुगडं आणून ठेवलेलं होतं. मी ते बाजूला सारलं आणि शेवाळी साडी काढली. थोरली जाऊ म्हणाली, "अगं, विधवेला रंगीत कशी नेसवायची?" मी म्हणाले, "रंगाऱ्याची लेक हाय ती. तुला पटत नसंल तर भाईर जा." ती गेली नाही. आम्ही तुला साडी नेसवली. नरसव्वानं पदर सारखा केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"काय रंग हाय हो," ती म्हणाली. "कुटं डाग म्हनून न्हाय."

"इंदूनं केलाय," मी म्हणाले.

नरसव्वानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझं कोपर धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, "व्हय, व्हय वदिना. इंदूअक्कांनीच केलाय."

दोघी जावांनी मान खाली घातली. त्याही त्या दिवशी अंगणात होत्या. मी ओरडले, "खरंच तिनं केलाय! मी न्हवते घरात!" नरसव्वा म्हणाली, "व्हय की. कोन न्हाय म्हनतंय? पानी घ्या थोडं." मग बाहेरून हाक आली आणि तुला उचललं. साडी तुझ्याबरोबर जळली. आता दाखवायलाही काही नाही.

घंगाळ मोरीत पालथं आहे. सुनीता विचारत होती, भांडेवाल्याला द्यायचं का. सकाळी उठल्यावर काय बुडवायचं, असं विचारणारं घरात कोणी नाही, आणि माझ्या मनातही येत नाही. पूर्वी यायचं की नाही, की तू विचारायचीस म्हणूनच यायचं, तेही आता कळायला मार्ग नाही.

तू जाताना मला माफ केलंस, हे मला माहीत आहे. हातावर थोपटलंस तेव्हाच केलंस. पण ते दवाखान्यातलं माझं बोलणं खोटं समजून केलंस, आणि ते खोटं नव्हतं. खोटं होतं ते नरसव्वाच्या अंगणात म्हणालेलं 'सगळं'. ते तू खरं मानून गेलीस.